मेल साठवला, जपला का?

कार्यालयांचा पत्रव्यवहार कागदावरून ई-मेलवर गेला, त्याला आता पाव शतक उलटले. आणखी तीस वर्षांनी हा पत्रव्यवहार कोणाला वाचता येईल का? रुग्णालयापासून सहकारी बँकेपर्यंत प्रत्येक संस्थेला आज ना उद्या या प्रश्नाला सामोरे जावे लागणार आहे.

नोव्हेंबर १९८६. वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कार्यालयात काही अधिकारी आपापल्या संगणकावरचे जुने संदेश पुसत होते. इराणला गुपचूप शस्त्रे विकून मिळालेला पैसा निकाराग्वातील बंडखोरांकडे वळवल्याचे प्रकरण त्या दिवसांत बाहेर येत होते. राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांनी पाच हजारांहून अधिक संदेश पुसले. त्यांचे सहकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनीही शेकडो संदेश काढून टाकले. पण कार्यालयाचा मुख्य संगणक ठरलेल्या वेळी सगळ्या संदेशांची एक नक्कल टेपवर उतरवत असे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. चौकशी आयोगाला पुसलेले संदेश त्या टेपवर सापडले आणि प्रकरणाचा मोठा भाग त्यांच्याच आधाराने उलगडला.

गोष्ट इथे संपली नाही. जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांची कारकीर्द संपायला काही तास उरलेले असताना या टेप पुसल्या जाण्याची वेळ आली. नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह या खासगी संशोधन संस्थेने न्यायालयात धाव घेतली आणि रेगन यांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी न्यायाधीशांनी टेप पुसण्यास मनाई केली. पुढे खटला चार वर्षांहून अधिक चालला. महत्त्वाचे मेल कागदावर छापून फायलीत लावले की पुरे, असे सरकारचे म्हणणे होते. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळले. कागदावर मजकूर उतरतो. पण तो कोणी पाठवला, कोणाकोणाला गेला, कधी मिळाला, हे सगळे उतरतेच असे नाही. म्हणून मूळ इलेक्ट्रॉनिक संदेश हाच अभिलेख, असे न्यायालयाने ठरवले. ई-मेल जपण्याच्या शास्त्राची सुरुवात बरीचशी या निकालातून झाली.

दहा वर्षांनी बोललेला एक मेल

राजकारण बाजूला ठेवले तरी या प्रश्नाचे मोल कळते. अमेरिकेत ओपिऑइड वर्गातील वेदनाशामकांच्या व्यसनाने गेल्या पाव शतकात लाखो माणसांचा बळी घेतला. जानेवारी २००९ मध्ये औषधांचे वितरण करणाऱ्या एका कंपनीच्या अधिकाऱ्याने उत्पादक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला मेलने कळवले, की गोळ्या हातोहात खपत आहेत, लोकांना जणू व्यसनच लागले आहे. त्यावर आलेल्या उत्तरात त्या गोळ्यांची तुलना चिप्सच्या एका प्रसिद्ध ब्रँडशी केलेली होती. आशय असा, की खात राहा, आम्ही आणखी बनवू. थट्टेत लिहिलेला हा दोन ओळींचा मेल २०१९ मध्ये ओहायोतील न्यायालयासमोर आला. व्यसनाची कल्पना असूनही पुरवठा चालू राहिला, या आरोपाचे ते एक ठळक उदाहरण ठरले.

२०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी अशा खटल्यांतून बाहेर आलेल्या कागदपत्रांचा आणि मेलचा खुला संग्रह सुरू केला. त्याआधीपासून हेच कॅलिफोर्निया विद्यापीठ तंबाखू कंपन्यांच्या कोटीहून अधिक अंतर्गत दस्तऐवजांचा संग्रह सांभाळते आहे. आरोग्यविषयक संशोधक आज या दोन्ही संग्रहांचा उपयोग करतात. ‘जागा भरली’ म्हणून तो चिप्सचा मेल २००९ मध्येच कायमचा नाहीसा झाला असता, तर हा पुरावा उरला नसता.

टपालाची नोंदवही कुठे गेली?

कागदाच्या काळात जपणुकीची व्यवस्था कामकाजातच गुंफलेली होती. आपल्याकडे सरकारी कार्यालयात टपाल बारनिशीत येई. आवक नोंदवहीत त्याला क्रमांक मिळे. मग ते संबंधित टेबलावर जाई, त्यावर टिप्पणी होई आणि शेवटी कागद नस्तीला लागे. नस्ती बंद झाली की तिची रवानगी अभिलेख कक्षात होई. तिथे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग ठरलेले असत. ‘अ’ वर्गातील कागद कायम ठेवायचे, ‘ड’ वर्गातील काम संपल्यावर थोड्याच काळात नष्ट करायचे. कोणता कागद किती वर्षे राहणार, हे एका माणसाच्या लहरीवर अवलंबून नसे.

ई-मेलने ही साखळी तोडली. आता प्रत्येक कर्मचारी स्वतःच बारनिशी आहे आणि स्वतःच अभिलेखपाल. एकच मेल दहा जणांच्या पेटीत असतो; त्यांपैकी कोणाची प्रत ‘मूळ’ मानायची, हे ठरलेले नसते. निविदेवरचा आक्षेप, डब्याची चौकशी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एकाच यादीत लागोपाठ असतात. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचे खाते बंद होते आणि खात्याबरोबर पेटीही जाते. गुगलच्या कार्यालयीन सेवेत खाते काढून टाकल्यावर ते परत मिळवण्यासाठी २० दिवसांची मुदत असते, मायक्रोसॉफ्टच्या सेवेत ३० दिवसांची. ही मुदत उलटली आणि आधी काही तजवीज केलेली नसली, तर दहा वर्षांचा पत्रव्यवहार परत येत नाही.

छोट्या संस्थांची अडचण आणखी वेगळी. अनेक शाळा, गृहनिर्माण संस्था, दवाखाने आणि मंडळे सचिवांच्या वैयक्तिक जीमेलवरून कारभार करतात. सचिव बदलले, जुने खाते कोणी उघडेनासे झाले, की घड्याळ सुरू होते. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह काढून टाकता येतील, असे गुगलचे धोरण आहे आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आहे.

बॅकअप म्हणजे अभिलेखागार नव्हे

‘आमचा रोज बॅकअप होतो’ हे उत्तर बहुतेक कार्यालयांत ऐकायला मिळते. बॅकअपचे काम वेगळे असते. आग लागली, सर्व्हर बिघडला, कोणी घुसखोरी केली, तर यंत्रणा कालच्या स्थितीत परत आणता यावी, एवढ्यासाठी तो असतो. त्यामुळे त्याच टेप किंवा डिस्क ठरावीक काळाने पुन्हा वापरल्या जातात आणि जुन्या नकलेवर नवी नक्कल चढते. बॅकअपमध्ये सगळे एकत्र कोंबलेले असते. २०१४ मधील एका करारावरची चर्चा त्यातून शोधायची, तर आधी सगळी यंत्रणाच पुन्हा उभी करावी लागते.

अभिलेखागारात मात्र निवडलेला मजकूर ठेवतात, त्याची सूची करतात आणि तो कोणालाही बदलता येणार नाही अशी व्यवस्था करतात. या दोहोंतील फरक न पाळल्याचा फटका खुद्द व्हाइट हाउसलाही बसला. बुश यांच्या कारकिर्दीतील, मुख्यतः २००३ ते २००५ या काळातील मेल गहाळ झाल्याचे पुढे आले. खटले झाले आणि डिसेंबर २००९ मध्ये तंत्रज्ञांना सुमारे २ कोटी २० लाख मेल सापडले. ते साठ्यातच होते. मात्र त्यांच्यावरच्या खुणा चुकीच्या असल्याने कोणाच्या हाती लागत नव्हते. शोधणाऱ्याच्या दृष्टीने हरवलेला मेल आणि सापडत नसलेला मेल यांत फरक नसतो.

मेलच्या पोटात काय असते?

पडद्यावर दिसतो तो मेलचा एक भाग. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला संदेश पाठवला, तेव्हा तो साधा मजकूर होता. १९८२ मध्ये मेलच्या मांडणीचे जे मानक ठरले, त्यात मजकुराच्या वर एक शीर्षभाग असतो. प्रेषक, प्राप्तकर्ते, तारीख, वेळ, मेलचा स्वतःचा एकमेव ओळख क्रमांक आणि तो कोणत्या मेलला उत्तर आहे त्याचा क्रमांक, हे सगळे त्यात नोंदलेले असते. वाटेत ज्या ज्या सर्व्हरवरून मेल गेला, त्यांचे शिक्केही असतात. पूर्वीच्या पाकिटावर टपाल कार्यालयांचे शिक्के पडत, तसेच हे. मेल छापताना किंवा त्याचा स्क्रीनशॉट घेताना यातील बहुतेक भाग गळून पडतो. १९९३ चा निकाल नेमका याच मुद्द्यावर होता.

१९९२ मध्ये माइम हे मानक आले आणि मेलला चित्रे, तक्ते, ध्वनी जोडता येऊ लागले. जोडलेली प्रत्येक फाइल अक्षरांच्या लांबलचक माळेत रूपांतरित होऊन मेलच्या पोटातच प्रवास करते. म्हणून मेल जपला की जोडपत्रही जपले जाई. अलीकडे हेही बदलले. आता फाइल जोडण्याऐवजी तिची लिंक पाठवली जाते. मेल जपला, तरी लिंकच्या टोकाला असलेली फाइल कोणी हलवली किंवा पुसली, तर हाती उरते ते ‘सोबतचा अहवाल पाहावा’ एवढे वाक्य. क्लाउडमधील फाइल नंतर बदललीही जाऊ शकते. निर्णय झाला तेव्हा अहवालात काय लिहिले होते, हे मग सांगता येत नाही. निर्णयाचा आधार असलेली फाइल जोडूनच पाठवावी किंवा त्या वेळची तिची प्रत वेगळी राखावी, हा यावरचा साधा उपाय.

मराठी कार्यालयांच्या जुन्या मेलमध्ये आणखी एक पेच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी, योगेश, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टंकला जाई. त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. तो विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. आज असे जोडपत्र उघडले आणि संगणकावर तो फॉन्ट नसला, तर समोर निरर्थक अक्षरांची गर्दी दिसते. शोध घेतला तर एकही मराठी शब्द सापडत नाही. मोडी दस्तऐवजांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे रुमालच्या रुमाल शाबूत आहेत; पण मोडी वाचणारे थोडे उरल्याने त्यातला बराच मजकूर कुलपात असल्यासारखा आहे. वीस वर्षांपूर्वीच्या फाइलवर तीच वेळ येऊ नये म्हणून मूळ फाइल, तिच्या फॉन्टचे नाव आणि तिची युनिकोडमधील प्रत अशा तिन्ही गोष्टी एकत्र ठेवाव्यात.

डबा कोणता?

मेल कोणत्या स्वरूपात ठेवायचा, यावर अभिलेखतज्ज्ञांनी बराच विचार केला आहे. आउटलुक वापरणाऱ्या कार्यालयांत पीएसटी ही फाइल सर्वांच्या परिचयाची. सगळी पेटी एका फाइलमध्ये मावते, म्हणून ती सोयीची वाटते. पण हे एका कंपनीचे स्वतःचे स्वरूप आहे. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत या फाइलला २ जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाइल बिघडत असे. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये या स्वरूपाचा तांत्रिक आराखडा जाहीर केला, त्यामुळे इतरांनाही ती वाचणारी साधने तयार करता आली. तरीही शेकडो पीएसटी फाइल कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपवर विखुरलेल्या असणे, हे आजही अनेक संस्थांचे वास्तव आहे.

ईएमएल आणि एमबॉक्स ही दोन खुली स्वरूपे. ईएमएलमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल. एमबॉक्समध्ये अनेक मेल एकाखाली एक रचलेले असतात. दोन्ही मुळात साध्या मजकुराच्या फाइल असल्याने कोणत्याही कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. एमबॉक्समध्येही एक खोच आहे. नवा मेल कुठे सुरू होतो ते ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवरून ओळखले जाते. म्हणून मजकुरात तशी ओळ आली, तर काही प्रणाली तिच्या आधी एक चिन्ह घालतात आणि मूळ मजकुरात बारीकसा फरक पडतो. या कारणाने जाणकार मूळ फाइल जशीच्या तशी राखतात आणि तिच्या शेजारी खुल्या स्वरूपातली दुसरी प्रत ठेवतात.

या प्रश्नावर नेमलेल्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०१८ मध्ये अमेरिकेत अहवाल दिला. त्यात मुख्यतः तीन मार्गांची चर्चा आहे. पहिला, मेलची फाइल एकही बिट न बदलता सांभाळणे. दुसरा, काळानुसार ती नव्या स्वरूपात रूपांतरित करत राहणे. तिसरा, जुन्या संगणकाची आणि प्रणालीची हुबेहूब नक्कल नव्या यंत्रावर चालवून फाइल तिच्या मूळ वातावरणात उघडणे. अटलांटा येथील एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांचा जुना मॅकिंटॉश संगणक २०१० मध्ये या तिसऱ्या मार्गाने वाचकांसाठी खुला केला. संस्थांच्या मोठ्या मेलसाठ्यांसाठी पहिल्या दोन मार्गांची जोडी अधिक व्यवहार्य ठरते.

फाइल बदललेली नाही हे ओळखायचे कसे? त्यासाठी तिचा डिजिटल ठसा काढतात. फाइलमधील सगळ्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून अंक आणि अक्षरांची एक ठरावीक लांबीची माळ मिळते. फाइलमधील एक स्वल्पविराम बदलला, तरी माळ पार वेगळी येते. ठसा वेगळा जपून ठेवायचा आणि दरवर्षी पुन्हा काढून ताडून पाहायचा, ही पद्धत आता सर्वमान्य आहे. प्रती किमान दोन, त्याही वेगवेगळ्या ठिकाणी. ज्या माध्यमावर प्रत आहे, त्याचेही वय असते. मोठ्या साठ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एलटीओ टेपचेच पाहा. या मालिकेतील सहाव्या पिढीची टेप चांगल्या स्थितीत असली, तरी आठव्या पिढीच्या यंत्रात वाचता येत नाही. म्हणून टेप खराब होण्याची वाट न पाहता, ती वाचणारे यंत्र बाजारात आहे तोवरच मजकूर पुढे हलवावा लागतो.

कोणाचा मेल ठेवायचा?

तंत्रापेक्षा अवघड प्रश्न निवडीचा आहे. पूर्वी एकच मार्ग होता. कर्मचाऱ्याने प्रत्येक मेल पाहावा आणि महत्त्वाचा असेल तो योग्य फोल्डरमध्ये टाकावा. दिवसाला शंभर मेल येणाऱ्या माणसाकडून हे होत नाही. सगळेच ठेवायचे म्हटले, तर साठा आवाक्याबाहेर जातो. बुश यांच्या दोन कारकिर्दींतील मेलची संख्या २० कोटींच्या वर होती, ओबामा यांच्या कारकिर्दीत ती सुमारे ३० कोटींवर गेली.

यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये ‘कॅपस्टोन’ नावाची पद्धत आणली. एकेक मेल तपासायचा नाही. खाते कोणाचे आहे ते पाहायचे. खात्याचे प्रमुख, उपप्रमुख, धोरण ठरवणारे वरिष्ठ यांची खाती कायमसाठी राखायची. इतरांचे मेल साधारण सात वर्षे आणि साहाय्यक कर्मचाऱ्यांचे तीन वर्षे ठेवून मग नष्ट करायचे. सर्व केंद्रीय कार्यालयांनी २०१६ च्या अखेरीपर्यंत मेल इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच सांभाळण्याची व्यवस्था करावी, असा आदेश तिथे आधीच निघाला होता. त्यामुळे ही पद्धत झपाट्याने पसरली. आपल्या ‘अ’ ते ‘ड’ वर्गांचाच हा अवतार. फरक एवढाच, की वर्ग कागदाच्या विषयाऐवजी माणसाच्या पदावरून ठरतो.

या सोयीची किंमतही आहे. चिप्सचा तो मेल लिहिणारा माणूस कंपनीच्या सर्वोच्च पदावर नव्हता. केवळ पदानुसार निवड केली, तर असे मेल काही वर्षांत नियमानेच नष्ट होतील. रुग्णालयात औषधाच्या साठ्याबद्दल पहिली शंका घेणारी परिचारिका, पुलाच्या तड्याबद्दल कळवणारा कनिष्ठ अभियंता, कर्जाच्या कागदपत्रांतील विसंगती दाखवणारा शाखेतील लेखनिक, यांचे मेल वरिष्ठांच्या पेटीत पोहोचलेच नाहीत, तर कायमच्या संग्रहातही जाणार नाहीत. म्हणून पदानुसार निवडीला दोन जोड द्याव्या लागतात. तक्रार, सुरक्षा, नैतिकता समिती, लेखापरीक्षण अशा विषयांची खाती पद न पाहता राखायची. आणि वाद, चौकशी किंवा खटल्याची चाहूल लागताच संबंधित सर्वांच्या पेट्यांतील पुसणे तत्काळ थांबवायचे.

पुसणे हाही जपणुकीचा भाग

सगळे कायम ठेवण्यातही धोका असतो. एन्रॉन ही ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. चौकशीनंतर अमेरिकेच्या ऊर्जा नियामकाने २००३ मध्ये तिचे मेल जाहीर केले. संशोधकांमध्ये प्रचलित असलेल्या संचात साधारण दीडशे जणांचे सुमारे पाच लाख मेल आहेत. नको असलेले मेल ओळखणाऱ्या प्रणालींपासून भाषेच्या अभ्यासापर्यंत त्यांचा उपयोग झाला. पण त्या मेलमध्ये घरगुती भांडणे, आजारपणे, ओळख क्रमांकही होते. घोटाळ्याशी काडीचाही संबंध नसलेल्या कर्मचाऱ्यांचे खासगी आयुष्य त्यांना न विचारता जगासमोर आले. काही मजकूर नंतर काढला गेला, तोवर नकला सर्वत्र गेल्या होत्या.

म्हणून मेल संग्रहात घेताना खासगी मजकूर वेगळा काढण्याचे काम आता जपणुकीतच धरले जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ईपॅड ही मुक्त संगणक प्रणाली यासाठी तयार केली आहे. ती मेलमधील माणसांची आणि स्थळांची नावे वेचते, आजारपण किंवा बँक खात्याविषयीचे मेल शोधून देते आणि कोणता मेल किती वर्षे बंद ठेवायचा, याची खूण करू देते. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही हेच तत्त्व मांडतो. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि दुसरा कोणता कायदा ती ठेवायला सांगत नसेल, तर ती पुसली पाहिजे. ठरवून, नोंद करून पुसणे आणि अडचणीचे म्हणून पुसणे, यांतील फरक लेखी धोरणाने दिसतो.

कायदा काय मागतो?

१९९३ चा केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायदा संगणकाने तयार केलेल्या सामग्रीलाही अभिलेख मानतो. असे अभिलेख नियमबाह्य नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. महाराष्ट्रातही २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे सातवे कलम तर जपणुकीची छोटी व्याख्याच देते. इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढेही वाचता आला पाहिजे. तो मूळ स्वरूपात, किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे. तो कुठून निघाला, कुठे गेला, कोणत्या तारखेला आणि वेळी गेला, हे त्यातून कळले पाहिजे. म्हणजेच शीर्षभागाशिवाय मेल अपुरा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचा डिजिटल ठसाही नोंदवावा लागतो.

वैद्यकीय क्षेत्रासाठी बंधन आणखी स्पष्ट आहे. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांनुसार नैतिकता समितीने सदस्य आणि संशोधकांशी झालेल्या पत्रव्यवहारासह आपले अभिलेख चाचणी संपल्यावर पाच वर्षे ठेवायचे असतात. आज हा पत्रव्यवहार मुख्यतः मेलवर होतो. पुण्या-मुंबईतील ज्या रुग्णालयांत औषधांच्या चाचण्या चालतात, तिथे समितीचे सचिव बदलले म्हणून मेल गेले, ही सबब नियमाला मान्य होणार नाही. चाचणीत भाग घेतलेल्या रुग्णाला नंतर त्रास झाला, तर कोणी काय कळवले होते आणि समितीने काय उत्तर दिले होते, हे त्या मेलमध्येच असते.

छोट्या संस्थेला काय जमेल?

यासाठी मोठा खर्च करावा लागतो, असे नाही. पहिली गोष्ट, पत्ते पदाच्या नावाने काढावेत. सचिव, मुख्याध्यापक, वैद्यकीय अधीक्षक अशा खात्यांत माणसे बदलली, तरी पेटी तीच राहते. दुसरी, कोणत्या खात्यांचे मेल कायम, कोणते किती वर्षे, हे एका पानावर लिहून समितीने संमत करावे. तिसरी, दर आर्थिक वर्षाच्या अखेरीस त्या खात्यांचे मेल खुल्या स्वरूपात उतरवून घ्यावेत. गुगलच्या सेवेतून ते एमबॉक्समध्ये मिळतात. त्याच दिवशी डिजिटल ठसा काढावा आणि दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, फोल्डरला वर्षाचे आणि पदाचे नाव द्यावे. चौथी, मेलसेवा बदलताना जुनी पेटी पूर्णपणे नव्या ठिकाणी आली, याची खात्री होईपर्यंत जुने खाते बंद करू नये. स्थलांतराच्या काळातच सर्वाधिक मेल गहाळ होतात. पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित. वर्षातून एकदा जुन्या संग्रहातील पाच-दहा मेल जोडपत्रांसह उघडून पाहावेत. उघडले नाहीत, तर दुरुस्तीला अजून वेळ असतो.

पेशवे दफ्तरातील पत्रे जपायला दोनशे वर्षे फारसे काही करावे लागले नाही. चांगला कागद, काळी शाई आणि कोरडी खोली एवढ्यावर ती टिकली. मेलला अशी सवलत नाही. कोणी लक्ष दिले नाही, तर तो काही वर्षांतच जातो. आणि गेल्याचे अनेकदा ज्या दिवशी तो हवा असतो, त्याच दिवशी कळते. १९८६ चे संदेश वाचले ते ठरलेल्या वेळी टेप फिरवणाऱ्या यंत्रणेमुळे, आणि १९८९ मध्ये त्या टेपसाठी कोणीतरी वेळेवर न्यायालयात गेले म्हणून.

निवृत्तीच्या दिवशी कर्मचाऱ्याकडून ओळखपत्र, लॅपटॉप आणि कपाटाच्या किल्ल्या मोजून परत घेतल्या जातात. त्या पावतीवर त्याच्या मेलपेटीसाठी एक ओळ वाढवायला काहीच खर्च येत नाही.